नवातला काळा

काळा मासा पहिल्यांदा मेला तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं नाही. पुढचं सगळं त्यातूनच झालं. दोष द्यायचा तर मलाच द्यायला हवा, म्हणून सांगायचंही मीच.

शाम शुई पो नावाच्या वस्तीत, बटणांच्या गल्लीत आमचं दुकान आहे. खाली बटणं, वर माळ्यावर आम्ही दोघं. अकरा वर्षांपूर्वी शेजारचं झिपांचं दुकान जळालं. आतली दोन माणसं गेली. आमच्या भिंतीला नुसता काळा डाग पडला, बाकी एक बटण वितळलं नाही. दुसऱ्या एखाद्याने उदबत्ती लावून हात जोडले असते आणि कामाला लागला असता. पण माझा नवरा क्वाँग यीऊ-फाय म्हणजे जन्माचा भित्रा. आपण वाचलो याचा आनंद त्याला झालाच नाही. पुढच्या वेळी आपलाच नंबर, हे त्याने मनाशी धरलं. त्याचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी ऑपरेशनच्या टेबलावर गेले होते, आणि आपणही त्याच वयाला तसेच जाणार, हे तो लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मला ऐकवत आला होता.

आगीनंतर त्याने वास्तू बघणाऱ्या थाम गुरुजींना बोलावलं. गुरुजी हातात होकायंत्र धरून दुकानभर फिरले, माझ्या बटणांच्या डब्यांना दोनदा अडखळले आणि म्हणाले, गल्ल्याशेजारी काचेची टाकी ठेवा. तिच्यात नऊ सोनमासे. आठ लाल, ते भरभराट आणतील. एक काळा, मोठ्या डोळ्यांचा, तो येणारं अरिष्ट गिळेल.

"आणि काळा मेला तर?" फायने लगेच विचारलं.

"तर आनंद माना. तुमच्यावरचं त्याने स्वतःवर घेतलं. सूर्य मावळायच्या आत दुसरा आणा. नवाचे आठ राहता कामा नयेत, एवढं सांभाळा."

इतकं सरळ सांगितलं होतं. पण फायच्या कानात फक्त 'मेला' शिरलं.

मासे पाण्याने फुगलेल्या पिशव्यांत आले होते. काळ्याची पिशवी जड होती, म्हणून मी खालून हात द्यायला गेले, तर गुरुजींनी माझा हात झटकला. "बाई, तुम्ही लांब राहा. यांना एकट्याला सोडू द्या." मला असा राग आला! दिवसभर डबे उचलायला बाई चालते, पिशवी धरायला चालत नाही. मी पाठ फिरवून चार भोकांची बटणं निवडत बसले. गुरुजी पुढे काय काय बोलले ते मी ऐकलंच नाही. नंतर दोन वर्षांनी ते वारले.

पहिला काळा सात महिने जगला. फायच्या आधी मी उठते. खाली आले तर तो पोट वर करून तरंगत होता, आणि आठही लाल टाकीच्या एका कोपऱ्यात चिकटून उभे होते. माझ्या मनात गुरुजींचा आनंद वगैरे काही आलं नाही. फाय जिना उतरेल, हे बघेल, आठ दिवस जेवणार नाही, दाराची कडी दहा वेळा तपासेल, एवढंच आलं. मी मासा जाळीने काढला, पेपरातल्या घोड्यांच्या शर्यतीच्या पानात गुंडाळला आणि मागच्या बोळात छोट्या संत्र्यांच्या झाडाची कुंडी होती तिच्यात पुरला. फाय उठला तेव्हा टाकीवर मी फडकं टाकलं होतं. "काच पुसतेय," म्हटलं. तो रोजच्यासारखा चहाघरात गेला, तशी मी धावत माशांच्या गल्लीत.

तिथली मासेवाली मुई ताई दुकानातच राहते. अर्धं शटर वर करून दात घासत उभी होती.

"एवढ्या सकाळी मासा कुणाला लागतो गं?"

"काळा हवा. एवढा. याच मापाचा."

"मेला वाटतं?" ती हसली. "आणि घरच्याला कळू द्यायचं नाही. बटणवाली, माझी अर्धी गिऱ्हाइकं तुझ्यासारखीच आहेत बघ."

फाय डिमसम खाऊन परत आला तेव्हा नऊच्या नऊ पोहत होते. मी चांगलंच केलं असं मला वाटलं. खरं सांगते, मला अभिमान वाटला.

तो पहिला धरून अकरा वर्षांत असे तेरा गेले. मी प्रत्येक वेळी थोडा मोठा आणायचे, म्हणजे वाढला असं दिसावं. फायची भीती मात्र हळूहळू गेली, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तो गिऱ्हाइकांना टाकी दाखवायचा. "अकरा वर्षं झाली. त्याला मरायची वेळच आली नाही. याचा अर्थ या घरावर काही आलंच नाही." त्याला मूतखडा झाला, साखरेचा आजार जडला, शिडीवरून पडून मनगट मोडलं, तरी तो म्हणायचा, हे किरकोळ आहे, खरं अरिष्ट असतं तर काळा गेला असता. बायका मला हसायच्या. "नवरा सारखा आजारी आणि तू बघ, घोड्यासारखी! तुला कधी साधी सर्दी नाही." खरंच नव्हती. साथीत आमच्या इमारतीतलं एकूण एक माणूस पडलं, मी एकटी सगळ्यांना पेज पोचवत होते.

यंदा फायला अठ्ठावन्नावं लागलं. वसंतात एका दुपारी तो वरच्या फळीवरचा शिंपल्यांच्या बटणांचा डबा काढायला शिडीवर चढला आणि तिथेच थांबला. डबा हातातून सुटला. सगळ्या दुकानभर बटणं. मी ओरडणार होते, पण त्याचं तोंड पाहिलं आणि शिडी धरली. ओठ पांढरे झाले होते.

हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. हृदयाच्या तीन नळ्या बंद होत आल्या होत्या. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण बोलायला स्पष्ट. "छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल. सहा आठवड्यांनंतरची तारीख देते. पुढे ढकलू नका. असाच एक झटका पुन्हा आला तर मी काही करू शकणार नाही."

फायने तिचे आभार मानले, बाहेर आला आणि बसमध्ये बसल्यावर म्हणाला, "मी नाही जाणार."

"का?"

"घरी चल, दाखवतो."

दुकानात शिरल्या शिरल्या त्याने टाकीवर बोट ठेवलं. काळा मस्त गोल फिरत होता. त्याला येऊन चार महिने झाले होते. "बघ त्याला. माझ्यावर मरणाची वेळ आली असती तर हा असा फिरला असता? अकरा वर्षांत एकदा आजारी नाही. डॉक्टर काय, त्यांना कुणाला तरी कापायला हवंच असतं. बाबांनासुद्धा असंच सांगितलं होतं."

तोंड उघडलं की अकरा वर्षं बाहेर पडली असती. मी भात लावायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काळा मेलेला होता.

इथपासून मला भीती वाटायला लागली. आधी मी कधी या गोष्टींना घाबरले नव्हते. मासा आहे, मरतो, दुसरा आणायचा, असंच माझं चाललं होतं. पण नवीन आणलेला चौदा दिवसांत गेला. त्याच्या नंतरचा अकरा दिवसांत. फायला छातीत दुखलं की दुसऱ्या सकाळी मासा मेलेलाच असायचा. मी टाकीचं पाणी बदललं, हवेचा पंप बदलला, मुई ताईकडून औषध आणलं. लाल आठही ठणठणीत होते. फक्त काळा. आणि मरण्याआधीच्या दिवशी लाल मासे त्याच्यापासून दूर व्हायचे. सगळे एका कोपऱ्यात, आणि तो एकटा मध्ये, न हलता, मोठे डोळे बाहेर काढून फायच्या स्टुलाकडे बघत. एकदा मी त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

पाच आठवड्यांत चार गेले. मागच्या बोळातल्या झाडाला यंदा इतकी फळं लागली की शेजारीण मागायला आली. मी तिला हात लावू दिला नाही.

"परत?" चौथ्या वेळी मुई ताईने विचारलं. या वेळी ती हसली नाही. पिशवीला गाठ मारताना म्हणाली, "बटणवाली, मी चाळीस वर्षं मासे विकते. एखाद्या घरात काळे असे पटापट जायला लागले ना, की मी पैसे घेते, पण डोळ्याला डोळा भिडवत नाही. घरात कोण आजारी आहे?"

"कोणी नाही," मी म्हणाले आणि पिशवी पोटाशी धरून पळत आले.

रविवारी आमची मुलगी चिंग-यी जेवायला आली. ती विमानतळावर मालाच्या ऑफिसात काम करते. बापाशी ऑपरेशनवरून तासभर भांडली. तो सूप भुरकत होता आणि चमच्याने टाकी दाखवत होता.

"बाबा, तो मासा आहे!"

"तुझ्या डॉक्टरपेक्षा जास्त कळतं त्याला."

ती चिडून मागच्या बोळात आली. मी भांडी घासत होते. तिथे, नळाखाली, मी तिला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी. ती आधी हसली, मग तिचं हसू थांबलं.

"सतरा?"

"सतरा."

"आई, मग सोपं आहे की! पुढचा मेला तर काढू नकोस. त्यांना बघू दे. त्यांचा विश्वास आहे ना? मासा मेला म्हणजे धोका आहे. घाबरतील आणि स्वतःहून हॉस्पिटलात जातील."

"घाबरून तिथल्या तिथे काही झालं तर?"

"आणि नाही गेले तर काय होणार आहे?"

मी नळ बंद केला.

नवीन काळ्याला चारच दिवस झाले होते. पाचव्या सकाळी मी खाली आले आणि दिवा लावायच्या आधीच मला कळलं. पंपाचा आवाज येत होता आणि पाण्यात काहीतरी काचेला हळू हळू आपटत होतं. ऑपरेशनला दोन दिवस राहिले होते. सवयीने माझा हात जाळीकडे गेला. मी जाळी धरलीही. मग ती परत खिळ्याला अडकवली, मागे गेले आणि पेज ढवळत उभी राहिले. पेज झाली होती, तरी ढवळतच होते.

माळ्याच्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. मी एकेक ऐकली. शेवटच्या पायरीनंतर काहीच ऐकू आलं नाही. मी मनात म्हणत होते, पडू नकोस, फाय, पडू नकोस, बस खाली.

मग तो हसला.

"म्हातारे! अगं बाहेर ये! बाहेर ये लवकर!"

मी पळी हातात घेऊनच गेले. तो टाकीसमोर उभा होता, दोन्ही हात काचेवर ठेवून, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो हसत होता.

"गेला! माझ्यासाठी गेला बिचारा. अकरा वर्षं वाट बघत थांबला होता याच दिवसाची. गुरुजी काय म्हणाले होते आठवतं? आनंद माना!" त्याने छाती भरून श्वास घेतला आणि स्वतःच्या छातीवर थाप मारली. "बघ, दुखत नाही! सगळं घेऊन गेला. हॉस्पिटलात फोन कर. म्हणावं, तारीख दुसऱ्या कुणाला तरी द्या."

त्याने भ्यायला हवं होतं. अकरा वर्षं ज्या भीतीपासून मी त्याला लपवून ठेवलं होतं, ती आज कुठे गेली होती? त्याने गल्ल्यातून लाल कागद काढला आणि मासा गुंडाळायला घेतला, एखाद्या मोठ्या माणसाचं करावं तसं, अगदी हळुवार. "भाऊ," तो माशाला म्हणाला, "तुझे उपकार आहेत."

"तो अकरा वर्षांचा नाही," मी म्हणाले.

"काय?"

"पाच दिवसांचा आहे. पाच दिवसांपूर्वी आणला मुई ताईकडून. त्याच्या आधीचा आठ दिवसांचा होता. पहिला तर त्याच वर्षी मेला, फाय. तू चहाला गेला होतास."

तो कागद हातात धरून उभाच राहिला. मी थांबले नाही. थांबले असते तर पुढचं सांगता आलं नसतं. बोळातली कुंडी, घोड्यांच्या शर्यतीचं पान, मापाने मोठा मोठा मासा, या पाच आठवड्यांतले चार, सगळं सांगितलं. "हा धरून अठरा. एक मेला आणि सगळं घेऊन गेला असं नाही. मरतायत, आणि तरी ते जात नाहीये. तू ऑपरेशन कर. पाया पडते."

मला वाटलं तो ओरडेल. पळी हिसकावून फेकेल. त्याने फक्त एक विचारलं.

"पाण्यात कोणी सोडले?"

"कोणी म्हणजे? मीच."

"सगळे?"

"पहिला तू. बाकीचे मी. आणखी कोण सोडणार होतं?"

तो स्टुलावर बसला. लाल कागदातलं पाणी त्याच्या पायजम्यावर गळत होतं.

"गुरुजींनी तुझा हात का झटकला होता, माहीत आहे?"

"बाई म्हणून."

"नाही गं. ज्याच्या हातून मासा पाण्यात पडतो, त्याचंच तो गिळतो. दुसऱ्याचा हात लागला की मासा दुसऱ्याचा. असं म्हणाले ते. तू बटणं निवडत होतीस." तो टाकीकडे बघत होता. "पहिला एवढाच माझा. बाकीचे सतरा तुझे."

मी खाली बसले, फरशीवरच. मला माझी वर्षं एकामागून एक दिसायला लागली. वादळात बांबूची परांची कोसळली ती माझ्यापासून वीतभर अंतरावर. छातीतली गाठ, जिच्यासाठी मी तीन आठवडे झोपले नव्हते, आणि डॉक्टर म्हणाले काही नाही, पाणी आहे. साथीतली पेज. साधी सर्दी नाही. आणि त्याच वर्षांत त्याचा मूतखडा, त्याची साखर, त्याचं मनगट, त्याचं हृदय. एकाच छताखाली, एकाच ताटातलं खाऊन. माझ्या प्रत्येक वाचण्याच्या दिवशी त्याच्यासाठी पाण्यात कोणीच नव्हतं, आणि मी फडक्याने काच पुसत होते. पण हे पाच आठवडे? मी तर धडधाकट होते. मग हे कशाने मरत होते? मला एकच उत्तर सुचलं आणि ते सुचल्यावर मी तोंडावर हात ठेवला. फाय गेला तर ते माझ्यावरचंच अरिष्ट होतं. मासे तेच गिळायला बघत होते आणि त्यांना ते झेपत नव्हतं.

"बोल ना काहीतरी," मी म्हणाले. "शिव्या दे."

"कशाला?" त्याने मासा गल्ल्यावर ठेवला आणि हात पुसले. "बरं झालं. निदान एकाला तरी पुरले."

त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्याने विचारलं, "तारीख कधीची आहे?"

"परवाची. सकाळी आठला."

"मग आज माशांच्या गल्लीत जाऊ. माझा मीच आणतो." आता तो भ्याला होता, माझा जुना भित्रा फाय, आणि त्या भीतीनेच तो चपला शोधत होता.

मुई ताई मला बघून म्हणाली, "काय गं, परत मे—" आणि मागे फायला बघून तिने जीभ चावली.

"बोला, ताई," फाय म्हणाला. "मला कळलंय. मला एक काळा द्या. चांगला."

ती आत गेली आणि मागच्या टाकीतून एक घेऊन आली. मखमलीसारखा काळा, शेपूट भरदार. "हा मी विकणार नव्हते. आजवर आजारी नाही, काही नाही. तुमच्या घरात हा टिकेल. हा मरायचा नाही, माझा शब्द." तिने पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर त्याने पिशवी उघडली. पाणी गल्ल्यावर सांडलं. मी दोन्ही हात पाठीमागे घेऊन, एक हात दुसऱ्याने घट्ट पकडून उभी होते. चुकून पुढे जाऊ नये म्हणून. मासा पाण्यात पडला, एकदा फिरला, आणि लाल मासे बाजूला झाले नाहीत. त्यांनी त्याला आपल्यात घेतलं.

"सोडला," फाय म्हणाला. "मीच सोडला. पाहिलंस ना?"

"पाहिलं."

ऑपरेशन सहा तास चाललं. नंतर रक्त थांबेना म्हणून त्याला पुन्हा आत नेलं, पुन्हा उघडलं. आज चौथा दिवस आहे. यंत्र त्याच्यासाठी श्वास घेतंय. सकाळी तीच तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आली. या वेळी ती तितकी स्पष्ट बोलली नाही. "आजचा दिवस निघायला हवा," एवढंच म्हणाली. भेटायची वेळ पाचला. चिंग-यी म्हणाली, "आई, मी इथेच बसते, तू घरी जाऊन अंघोळ करून ये. काही झालं तर फोन करते."

दुपारी दोन वाजता मी शटर अर्धं वर केलं आणि वाकून आत आले. दिवा लावला नाही. मला आधी बघायचं नव्हतं. डोळे मिटून टाकीपर्यंत गेले. देवा, पोट वर दिसू दे, एवढंच म्हणत होते. कोपऱ्यात चिकटलेले लाल आणि मध्ये तरंगणारा तो, एवढं दिसू दे, मी सूर्य मावळायच्या आत शंभर आणीन.

डोळे उघडले.

काळा पोहत होता. पाच-सहा दिवसांत अंगाने भरला होता. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायचा, वळायचा, शेपूट पसरायचा. त्याने काहीच गिळलेलं नव्हतं. जे होतं ते सगळं तिथेच होतं, हॉस्पिटलात, यंत्राखाली, माझ्या माणसाच्या छातीवर.

जाळी खिळ्याला होती. पण मी हात लावला तर तो फायचा राहणार नव्हता. त्याने स्वतःहूनच जायला हवं होतं. मी फोन गल्ल्यावर ठेवला, फायचं स्टूल ओढलं आणि टाकीसमोर बसले. अकरा वर्षं मी मेलेले मासे लपवले, आणि आता माझ्यासमोर एक जिवंत होता.

"मर ना रे," मी म्हणाले. "मर. तुझ्या पाया पडते, मर."

तो वर आला आणि काचेला टेकलेल्या माझ्या बोटांसमोर तोंड उघडून दाणे मागायला लागला.